दोन बहिणींचे नाव, एकीचाच आवाज

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या बहिणीच्या दोन्ही मुली देवपूरला माझ्याकडे राहायला आल्या होत्या. थोरली अकरावीची परीक्षा दिलेली, धाकटी नववीची. थोरलीच्या पिशवीत मैत्रिणीकडून आणलेली एक इंग्रजी कादंबरी होती. पुस्तक एक आणि वाचणाऱ्या दोघी. तेव्हा दिवसा धाकटीने वाचायचे, रात्री थोरलीने, असा करार झाला. थोरलीचे आधी संपले. शेवट फुटू नये म्हणून ती दोन दिवस तोंड मिटून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने शेवटचे पान वाचले, पुस्तक खाटेवर टाकले आणि म्हणाली, "खाला, ये तो धोका है." थोरली म्हणाली, "धोका नहीं, ट्विस्ट बोलते उसको." दोघींचे भांडण जुंपले आणि न्याय करण्यासाठी पुस्तक माझ्या हाती आले.

ते पुस्तक म्हणजे लॉरेन ऑलिव्हर या अमेरिकन लेखिकेची २०१५ साली प्रसिद्ध झालेली ‘व्हॅनिशिंग गर्ल्स’ ही कादंबरी. ऑलिव्हर यांचे नाव कुमारवयीन वाचकांत चांगलेच परिचित आहे. त्यांच्या २०१० सालच्या ‘बिफोर आय फॉल’ या पहिल्या कादंबरीवर २०१७ साली चित्रपटही निघाला. एखाद्या परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या कुमार कादंबरीवर आपल्या वार्षिकाची पाने खर्च करावीत का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझे उत्तर असे की, आपल्या घरातल्या मुली आज हेच वाचतात. आणि आपण त्यांच्यासाठी असे काही लिहीत नाही म्हणूनही वाचतात. मुली जे वाचतात त्याची चिकित्सा करणे हे समीक्षेचे कामच आहे. रहस्यकथेचा शेवट उघड करू नये हा शिष्टाचार मला ठाऊक आहे. परंतु या कादंबरीचा दोष तिच्या शेवटातच असल्याने तो मोडणे भाग आहे.

कथानक थोडक्यात असे. निक आणि डारा या दोन बहिणी. निक थोरली, शहाणी, जबाबदार; डारा धाकटी, देखणी, बेफाम. लहानपणी एकमेकींवाचून न राहणाऱ्या या दोघींत वय वाढते तसे अंतर पडत जाते. पार्कर हा दोघींचा बालमित्र. पुढे तो डाराच्या जवळ येतो आणि तिघांचे जुने नाते विस्कटते. एका रात्री मोटारीचा अपघात होतो. त्यानंतर घर मुके होते. आईवडील आधीच वेगळे झालेले. काही काळ दूर राहून निक घरी परतते, पण डारा तिच्याशी बोलत नाही, समोरही येत नाही. त्याच सुमारास मॅडलिन स्नो ही नऊ वर्षांची मुलगी बेपत्ता होते. पुढे वाढदिवसाच्या दिवशी डाराही नाहीशी होते. या दोन घटनांचा संबंध आहे असे निकला वाटू लागते आणि ती शोधाला निघते. प्रकरणे कधी निकच्या नावाने येतात, कधी डाराच्या. कधी अपघातापूर्वीची, कधी नंतरची. मध्ये मध्ये वर्तमानपत्रातल्या बातम्या, रोजनिशीची पाने, छायाचित्रे असा ऐवजही आहे.

पुस्तकाच्या अखेरीस कळते ते असे की, डारा त्या अपघातातच मरण पावलेली आहे. हा धक्का निकच्या मनाला सोसला नाही आणि तीच डारा होऊन बोलत राहिली. अपघातानंतरची ‘डारा’ या मथळ्याखालची जी प्रकरणे आपण वाचली, ती डाराची नव्हतीच.

प्रथम या कादंबरीच्या पदरात जे आहे ते टाकले पाहिजे. दोन बहिणींमधला मत्सर लेखिकेला नेमका कळलेला आहे. घरात एकदा ‘ही शहाणी आणि ही वाया गेलेली’ अशी वाटणी झाली की, दोघीही नकळत आपापल्या वाट्याला आलेले सोंग वठवू लागतात. शहाणीला एकदा तरी चुकावेसे वाटते आणि वाया गेलेलीला कुणीतरी आपल्याला शहाणे म्हणावे असे वाटते. हे ऑलिव्हर यांनी घरगुती प्रसंगांतून चांगले दाखवले आहे. घर मोडल्यानंतर आईचे हरवल्यासारखे वागणेही खरे वाटते. कादंबरीची पहिली शंभर पाने वाचताना मला वाटले होते की, या मुलींच्या हाती बरेच काही लागले आहे. म्हणूनच पुढची निराशा मोठी.

आता धाकटीचा आरोप तपासू. हा धोका आहे काय? रहस्यकथेत लेखक वाचकाला चकवतोच. चकवण्यासाठीच ती वाचायची असते. पण या चकवण्यालाही नीती असते. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. शोध घेणाऱ्याला सापडलेला धागा वाचकापासून लपवू नये आणि जुळी भावंडे किंवा तोतये आणायचे तर वाचकाची तशी आधी तयारी करावी, असे त्यातले दोन नियम आहेत. नियम मोडूनही मोठी पुस्तके झाली आहेत. अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’मध्ये कथा सांगणाराच खुनी निघतो, तेव्हाही त्या काळी बराच गहजब झाला होता. परंतु ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचा. सांगणाऱ्याने खोटे असे जवळजवळ काहीच सांगितलेले नाही. त्याने फक्त गाळले आहे. वाचक स्वतःवरच चिडतो, लेखिकेवर नाही.

‘व्हॅनिशिंग गर्ल्स’मध्येही खुणा पेरल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. घरात कुणी डाराशी सरळ बोलत नाही, दोघी बहिणी समोरासमोर येत नाहीत. मागे वळून पाहिले की हे जाणवते. निक बिचारी खोटे बोलत नाही. तिला स्वतःलाच ठाऊक नाही. पण प्रकरणाच्या डोक्यावर ‘डारा’ असे नाव कोण लिहिते? ते पात्राचे वाक्य नव्हे. ती पुस्तकाने वाचकाला दिलेली जबान आहे. निकला तसे वाटत होते म्हणून मथळाही तसा, असा बचाव करता येईल. तो कायद्यात बसेल. मनाला पटणार नाही. धाकटी धोका म्हणते तो हाच. ती डारा वाचत होती. डाराच्या बाजूने भांडत होती, कारण घरात तीही धाकटी आहे. आणि अखेरीस तिला सांगण्यात आले की, तू जिच्या बाजूने भांडत होतीस ती तिथे नव्हतीच.

माझा आक्षेप यापुढचा आहे. समजा, ही युक्ती चालवून घेतली. मग युक्ती उघडी पडल्यावर एक भयंकर प्रश्न उभा राहतो. डारा बेजबाबदार होती, मुलांच्या मागे होती, घराची तिला पर्वा नव्हती, हे आपण कुणाच्या तोंडून ऐकले? काही निकच्या तोंडून आणि उरलेले डाराच्या तोंडून. डारा स्वतःच कबूल करते आहे म्हटल्यावर आपण विश्वास ठेवला. आता कळते की अपघातानंतरची ती कबुलीही निकचीच होती. मग अपघातापूर्वीची म्हणून डाराच्या नावाने दिलेली पाने तरी निखळ तिचीच कशावरून, असा संशय घ्यायला वाचक मोकळा होतो. म्हणजे वाईट बहिणीविरुद्धच्या खटल्यात साक्षीदारही चांगली बहीण आणि आरोपीचा जबाब लिहिणारीही तीच! या पुस्तकातले खरे रहस्य हे आहे. मेलेल्या बहिणीच्या नावाने जिवंत बहीण काय काय बोलते, त्यात प्रेम किती, अपराधाची बोच किती आणि जुना हिशेब किती, हा शोध सुरू व्हायला हवा होता तिथे पुस्तक संपते. उलगडा झाला, डोळे पुसले, मिटवले पान.

मॅडलिन स्नो या हरवलेल्या लहान मुलीचेही असेच झाले आहे. तिलाही सारा नावाची एक मोठी बहीण आहे. म्हणजे कादंबरीत बहिणींच्या दोन जोड्या आहेत, आणि दोन्हींत मोठीच्या डोक्यावर धाकटीचा भार आहे. एका जोडीच्या आरशात दुसरी दिसावी अशी जागा लेखिकेने स्वतःच तयार केली आणि मग रिकामी सोडली. मॅडलिनचे हरवणे हे वाचकाची उत्कंठा टिकवण्यासाठी आणि त्याचे लक्ष डारावरून उडवण्यासाठी वापरले आहे. नऊ वर्षांचे मूल हरवणे ही गोष्ट अशी वापरायची नसते.

निकच्या मनाच्या आजाराविषयीही एवढेच म्हणते. सख्खी बहीण गेल्यावर तिच्याशी बोलत राहणे, तिची ओढणी घेऊन झोपणे, तिच्या लकबी नकळत अंगात येणे, हे दुःखाचे परिचित रूप आहे. आपल्या आसपासच्या घरांतही ते पाहायला मिळते. त्या दुःखाकडे शेवटचा फटाका म्हणून पाहिले की दुःखही हलके होते आणि फटाकाही. त्यातही हा फटाका आधी वाजून गेलेला. ई. लॉकहार्ट यांची ‘वी वेअर लायर्स’ ही २०१४ सालची कादंबरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना मेलेल्या माणसांना जिवंत समजणारी मुलगी एक वर्ष आधीच भेटलेली आहे. थोरलीने ते पुस्तक वाचलेले नव्हते, म्हणून तिला ‘ट्विस्ट’ नवा वाटला.

आता कुणी म्हणेल, एका करमणुकीच्या पुस्तकावर एवढा राग कशासाठी? राग यासाठी की, मुलीच्या नावाने दुसऱ्याने बोलणे ही आपल्या वाचकांना नवी गोष्ट नाही. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ सालची. तीही दोन बहिणींचीच गोष्ट आहे. अकबरी थोरली, फूहड आणि भांडखोर. असगरी धाकटी, सुघड आणि समंजस. नझीर अहमद यांनी ती आपल्या मुलीच्या वाचनासाठी लिहायला घेतली होती. पुढे सरकारने तिला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि पिढ्यान्‌ पिढ्या मुलींच्या हाती ती पडत राहिली. नीतिपाठ म्हणून आपण ती वाचतो. पण नीट पाहिले तर तिच्यात रहस्यकथेचे दोन चांगले तुकडे आहेत. हज्जनचे सोंग घेतलेली एक ठग बाई अकबरीला भुलवून तिचे दागिने लांबवते. आणि सासरी घरखर्चात वर्षानुवर्षे हात मारणारी मोलकरीण मामा अजमत हिची लबाडी असगरी शांतपणे हिशेब जुळवून उघडकीस आणते. आपल्या वाचनातली पहिली मुस्लिम स्त्री-गुप्तहेर असगरी आहे, असे मी थोड्या गमतीने आणि बऱ्याच गांभीर्याने म्हणेन. मात्र फसवली गेलेली अकबरी, जिच्या घरात चोरी झाली ती, तिचे म्हणणे काय होते? ते पुस्तकाला विचारावेसे वाटले नाही. तिच्या वाट्याला फक्त दोष आला. दीडशे वर्षांनंतर अमेरिकेतली डारा भेटते आणि आपण चमकतो. हिला तर आपण ओळखतो! ही आपली अकबरीच.

इंग्रजीतही ही परंपरा जुनी आहे. लुईस आणि जीन डेना या दोन बहिणींची शोधकथांची मालिका अमेरिकेत १९३४ साली सुरू झाली आणि तीस-चाळीस वर्षांहून अधिक काळ चालली. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव असे. परंतु या नावाची बाई कधी अस्तित्वातच नव्हती. एक संस्था कथानके ठरवून देई आणि पगारी लेखक ती लिहून देत. पहिली चार पुस्तके तर लेस्ली मॅकफार्लेन या पुरुषाने लिहिली. मुलींच्या गोष्टी, मुलींसाठी, बाईच्या नावाने. आणि आतला आवाज भलत्याचाच. अर्थात पुरुषाने मुलींविषयी लिहू नये असे मी म्हणत नाही. ज्याचा आवाज आपण उसना घेतला त्याचे ऋण मानावे, एवढेच म्हणणे आहे. आपल्या खान्देशातच त्याचे मोठे उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतल्या; १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. लेखणी दुसऱ्याची होती, आवाज मात्र त्यांचाच राहिला. बोलीही बदलली नाही.

मराठीत कुमारांसाठी शोधकथा आहेत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आम्ही वाचला, त्याच्यावर जीव टाकला. बाबूराव अर्नाळकरांची हजारावर पुस्तके मोहल्ल्यातल्या मुलांनी भाड्याने आणून वाचली. ज्यांच्या घरी उर्दू होती तिथे इब्ने सफी होते. त्यांच्या इम्रान मालिकेत जूलिया आहे, पण हाताखालची. या सगळ्यांत धावणारा, कुलूप उघडणारा, भिंतीवरून उडी मारणारा बहुतेक मुलगाच. मुलगी पळवली जाते किंवा वाट पाहते. दुसरीकडे मुस्लिम स्त्रीने मराठीत लिहिले ते बहुधा आत्मकथन. १९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांना सिनेमाला जाण्यास बंदी घातली गेली, तेव्हा तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या रझिया पटेल यांनी पुढे ‘चाहूल’ लिहिले. मेहरुन्निसा दलवाई यांनी ‘मी भरून पावले आहे’ लिहिले. स्वतःच्या तोंडाने स्वतःची साक्ष देणे ही त्या काळाची गरज होती आणि या लेखिकांनी ती धैर्याने भागवली. परंतु सिनेमागृहाचे दार ज्यांच्यासाठी उघडून घेतले, त्या मुलींच्या मुलींना आता नुसती साक्ष पुरत नाही. त्यांना गोष्ट हवी. करमणूक हवी, रहस्य हवे, आणि त्यात आपल्यासारखी मुलगी हवी. ती मराठीत नाही म्हणून त्या ऑलिव्हरकडे जातात, आणि तिथे त्यांची निराशा झाली तर दुसरीकडे वळायला त्यांना जागा नाही.

सामग्रीची वाण आहे असे नाही. आपल्या वस्तीत एखादी मुलगी एक रात्र घरी आली नाही तर काय होते ते आठवा. ‘कुठे गेली’ हे कुणी विचारत नाही. ‘कुणाबरोबर गेली’ हे विचारतात. तिला काही अपघात झाला असेल, ती घाबरून कुठे लपली असेल, परीक्षेच्या निकालाला भ्यायली असेल, ही शक्यता शेवटी सुचते. पोलिसांत जायचे की नाही यावर घरातले पुरुष दाराआड खल करतात. आणि सगळ्यांत आधी कोपऱ्यात घेऊन दरडावले जाते ते तिच्या बहिणीला: तुला ठाऊक असणारच, बोल! बहिणीला खरोखरच ठाऊक असते. पण जे ठाऊक आहे ते बोलले तर हरवलेलीची बदनामी, आणि न बोलले तर तिचा जीव धोक्यात. जुन्या धुळ्यापासून पांझरेच्या पुलावरून देवपूरपर्यंतचे अंतर ते किती! तेवढ्यात एक अख्खी रहस्यकादंबरी मावते. तिच्यात शोध घेणारी बहीण असेल, तिला उत्तरे हवी असतील आणि तिचे स्वतःचे काही लपवलेलेही असेल. फक्त एक पथ्य पाळावे लागेल. हरवलेली मुलगी शेवटी जिवंत सापडो वा न सापडो, तिला तिचे म्हणणे मांडू दिले पाहिजे. ते तिच्या वहीतून येईल, मैत्रिणीजवळ ठेवलेल्या निरोपातून येईल. पण तिचेच असले पाहिजे.

ऑलिव्हर यांच्या कादंबरीत नेमके हेच घडले नाही. दोन बहिणींचे पुस्तक म्हणून जे हाती आले ते एकीचेच निघाले, आणि आपण एकीचेच आहोत याची लाजही त्याला वाटली नाही. म्हणून न्याय मागणाऱ्या दोघींना मी निकाल सांगितला: थोरलीचे शब्दशः बरोबर आहे, धाकटीचे खरे आहे.

पुस्तक परत पिशवीत गेले. जायच्या आदल्या रात्री गच्चीवर अंथरुणे घातली होती. थोरलीला झोप लागली होती. धाकटीने बऱ्याच वेळाने विचारले, "खाला, डारा खुद क्या बोलती थी फिर?"

साडेतीनशेहून अधिक पानांच्या कादंबरीला हा प्रश्न पडला नाही. तो ज्या मुलीला पडला, तिने उत्तर मराठीत लिहिले तर हे वार्षिक ते जरूर छापील.